काचबंद गॅलरीतली बुटकी बोगनवेल: पानं रग्गड, फुलं नाहीत

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. नर्सरीतून आणली तेव्हा बुटकी बोगनवेल रंगाने झाकलेली होती. स्लायडिंगच्या काचा लावलेल्या गॅलरीत ठेवली आणि महिन्याभरात रंग गळला, लांब हिरव्या काड्या सुटल्या, आणि तेव्हापासून नुसती पानं. त्यावरचा सल्लाही ठरलेला: पाणी तोडा. पाणी तोडलं की पानंही जातात आणि कुंडीत काड्या उरतात.

काचेआड पाण्याचा नंबर शेवटून दुसरा लागतो. आधी ऊन, मग छाटणी, मग कुंडी आणि माती, मग पाणी, सगळ्यात शेवटी खत. वरची पायरी चुकली असेल तर खालची कितीही नेमकी करा, कळी धरणार नाही.

आधी पानाच्या बेचक्यात बघा

नव्या काडीच्या शेंड्यापासून चौथं-पाचवं पान धरा आणि देठ काडीला मिळतो तिथे नीट बघा. बोगनवेलीचा काटा आणि फुलांचा घोस एकाच जागेवरून निघतात. परिस्थिती अनुकूल असेल तर त्या अंकुराचा घोस होतो, नसेल तर काटा. काटा सुरुवातीपासून टोकदार आणि एकटा असतो. घोसाचा देठ टोकाला बोथट असतो आणि थोड्याच दिवसांत त्यावर टाचणीच्या डोक्याएवढा, किंचित रंगाची झाक असलेला फुगवटा दिसतो. हाताशी भिंग असेल तर दोन्हींतला फरक आठवडाभर आधी कळतो.

ही एक खूण बरंच काही सांगते. प्रत्येक बेचक्यात लांब काटा असेल तर ऊन कमी पडतंय किंवा नत्र जास्त झालंय. फुगवटे दिसले आणि करपून तपकिरी पडले तर उष्णता किंवा पाणी. रंग पुरता भरला आणि मग गळ लागली तर प्रश्न निराळा, तो पुढे घेतला आहे. 'टॉर्च ग्लो' नावाने मिळणाऱ्या उभट बुटक्या वाणाला काटे जवळजवळ नसतातच. तिथे रिकामं बेचकं म्हणजेच काटा समजायचा.

ऊन: काच किती खाते आणि सूर्य कुठून येतो

बोगनवेलीला पानावर पडणारं थेट ऊन रोज किमान ५ ते ६ तास लागतं. 'खोलीत भरपूर उजेड आहे' हे तिच्या हिशेबात धरलं जात नाही. ५-६ मिमी जाडीची साधी पारदर्शक काच समोरून येणारा उजेड फारसा अडवत नाही, दहा-पंधरा टक्के जातो. पण तिरक्या किरणांतला बराच भाग काचेवरूनच परत फिरतो. काच तपकिरी किंवा निळसर असेल, किंवा तिच्यावर आरशासारखी फिल्म लावलेली असेल, तर निम्मा आणि कधी त्याहून जास्त उजेड बाहेरच राहतो. त्यात डासांची बारीक जाळी आणि काचेवरची धूळ. कबुतरांच्या जाळीचा फारसा त्रास नाही.

अंदाज घ्यायचा असेल तर फोनवरचं लक्स (उजेड मोजायचं एकक) मोजणारं अ‍ॅप पुरतं. फोन पानाच्या उंचीवर, पडदा उजेडाकडे करून धरा आणि स्वच्छ ऊन असलेल्या दिवशी सकाळी १०, दुपारी १२ आणि ३ वाजता आकडा लिहून ठेवा. हे अ‍ॅप नेमके नसतात, पण ढोबळ हिशेब जमतो. ४०,००० लक्सच्या वर चार-पाच तास मिळत असतील तर जागा चांगली. २०,००० च्या आसपास असेल तर तुरळक बहर येईल. कधीच १०,००० च्या वर जात नसेल तर त्या जागी बोगनवेल जगेल, फुलणार नाही. बाजारातला २० वॅटचा ग्रो लाइट इथे पान टिकवण्यापुरता उपयोगाचा. तो रात्री उशिरापर्यंत चालू ठेवला तर उलट नुकसान, कारण दिवस लहान आणि रात्र मोठी असताना ही वेल लवकर कळी धरते. दिवसाचं ऊन धरून उजेड ११-१२ तासांपुढे नेऊ नका.

आता दिशा. दक्षिणेची गॅलरी सगळ्यात चांगली, हे अर्धवट खरं आहे. पुण्यात २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. काचेची वरची कड जमिनीपासून ७ फुटांवर असेल तर ऊन फरशीवर ६ फूट आतपर्यंत येतं. २१ मार्चला तेच सव्वादोन फुटांवर येतं आणि एप्रिलच्या मध्यावर जेमतेम एका फुटावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य पुण्या-मुंबईत डोक्यावरून उत्तरेकडे झुकलेला असतो, म्हणून दक्षिणेच्या काचेतून थेट ऊन जवळजवळ येतच नाही. वरच्या मजल्याचा स्लॅब किंवा छज्जा काचेच्या पुढे आलेला असेल तर हे आकडे आणखी घटतात. मार्चपर्यंत फुललेली वेल एप्रिलमध्ये 'अचानक' थांबली असं वाटतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. कुंडी जागची हललेली नसते, सूर्य हललेला असतो.

म्हणून दक्षिण गॅलरीत मार्चपासून कुंडी काचेला लागूनच हवी. उंच स्टँडवर ठेवून उपयोग नाही, कारण उंची वाढली की उन्हाचा पट्टा आणखी अरुंद होतो. अपवाद एकच: कठडा भिंतीचा असेल तर पानं त्या भिंतीच्या सावलीच्या वर येतील एवढीच उंची द्या. पूर्वेच्या गॅलरीत सूर्योदयापासून १०-११ पर्यंतचं ऊन मिळतं. बारमाही थोडी थोडी फुलं येतात, गच्च बहर क्वचित. पश्चिमेला फेब्रुवारी ते मे चांगलं ऊन असतं, पण एप्रिलमध्ये बंद काचेआडचा पारा सहज ४० च्या वर जातो. उत्तरेच्या गॅलरीचा नाद सोडलेला बरा.

उष्णतेबद्दल एवढंच की दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी जास्तीत जास्त निम्मी उघडते. उघडी बाजू कुंडीसमोर येईल अशी तावदानं सरकवा, म्हणजे काचही आड येत नाही आणि वाराही मिळतो. काळी प्लास्टिकची कुंडी पश्चिमेच्या उन्हात ठेवली की काचेकडच्या बाजूची मुळं भाजतात. ती मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या भरा. रात्रीचा पारा १८-२० अंशांवर आला की कळ्या पटापट धरतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रात्री काचा थोड्या उघड्या ठेवा.

बुटकी आहे, की बुटकी केली आहे?

नर्सरीतल्या सगळ्याच बुटक्या बोगनवेली जन्मतः बुटक्या नसतात. आंब्याच्या बागेत वापरतात तो पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे आपल्याकडे 'कल्टार' म्हणून ओळखलं जाणारं औषध, देऊन काही रोपांची वाढ रोखलेली असते. त्याचा अंमल उतरला की तीच वेल चार-पाच फुटांच्या काड्या फेकते. ओळखायचं असेल तर जुन्या खोडावर दोन पानांमधलं अंतर बघा, मग नव्या काडीवर. खाली सेंटिमीटरभर आणि वर चार-पाच सेंटिमीटर असेल तर एकतर औषध उतरलंय किंवा ऊन कमी पडतंय. मोजलेले लक्स चांगले असतील तर औषधच. अशी वेल वाईट नाही, फक्त तिला वर्षातून तीन-चार वेळा खुडावं लागेल हे मान्य करून चालायचं. घरी कल्टार ओतायच्या भानगडीत पडू नका. मात्रा थोडी चुकली तरी झाड वर्ष-दोन वर्षं आखडून बसतं.

एकाच खोडावर चार रंगांची कलमं बांधलेली असतील तर आणखी एक घोळ होतो. चारांतला सगळ्यात जोरकस रंग दीड-दोन वर्षांत बाकीच्यांना दाबून टाकतो आणि कलमाच्या जोडाखालून खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या मूळ झाडाचे, फुटवे येतात. ते फुटवे दिसतील तेव्हा मुळाशी खुडायचे, जोरकस रंगाची छाटणी कडक आणि दुबळ्याची हलकी ठेवायची. 'मेरी पामर'वर पांढरा आणि किरमिजी दोन्ही रंग दिसतात, पण ते कलम नव्हे. 'मिसेस एच. सी. बक'च्या फांदीत आपोआप झालेल्या बदलातून हे वाण आलं. 'थिम्मा'सारख्या चित्रविचित्र पानांच्या वाणात एखादी काडी पूर्ण हिरवी निघाली तर लगेच उगमापासून काढा, नाहीतर सहा महिन्यांत सगळी कुंडी हिरवी.

छाटणी: कधी थांबायचं हे जास्त महत्त्वाचं

फूल नव्या काडीवर येतं, म्हणून छाटायला हवं. आणि कोवळी पानं फुटत असलेला शेंडा कळीला मागे ओढतो, म्हणून खुडायलाही हवं. पण आकार राखायला दर पंधरा दिवसांनी कात्री चालवली तर फुलणारी टोकंच कापली जातात. काचेआडच्या वेलींत ही चूक फार दिसते, कारण जागा कमी आणि काडी जरा बाहेर आली की काचेला टेकते.

बहर संपला की सगळ्या काड्या खोडापासून ४-५ पानं ठेवून कापा. बारीक, पेन्सिलीच्या निम्म्याहून पातळ आणि आतल्या बाजूला वळलेल्या पूर्ण काढा. नवे फुटवे १५ सेंमीचे झाले की फक्त शेंड्याचा २ सेंमी भाग नखाने खुडा. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा, आणि मग कात्री ठेवून द्या. शेवटच्या खुडणीपासून रंग दिसायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. दक्षिण गॅलरीत शेवटची खुडणी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बसवली तर ऊन आत येण्याची वेळ आणि कळी धरण्याची वेळ जुळते, नोव्हेंबरमध्ये रंग येतो. पश्चिमेला हीच खुडणी डिसेंबरच्या अखेरीस.

कुंडी आणि माती

बुटक्या वाणाला ८ इंची कुंडी दोन ते तीन वर्षं पुरते, १० इंची ही वरची मर्यादा. ६ इंचीतून थेट १२ इंचीत टाकलं की वर्षभर मुळंच पसरत राहतात, आणि मधली रिकामी माती काचेआड वारा नसल्यामुळे सुकत नाही. मुळं कुजायची सुरुवात तिथेच होते.

नर्सरीच्या पिशवीतली माती बऱ्याचदा चिकट असते. नवीन मिश्रणात २ भाग तांबडी किंवा पोयट्याची माती, १ भाग जाड वाळू (क्रश सँड असेल तर भुकटी धुऊन), १ भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत. काळी माती नको. सुकली की कुंडीच्या कडेला भेग पडते आणि ओतलेलं पाणी भेगेतून थेट खाली जातं. नुसत्या कोकोपीटमध्ये वाढवलेलं रोप असेल तर एक धोका लक्षात ठेवा. कोकोपीट ठणठणीत वाळलं की पाणी झटकतं, वरून ओतलेलं बशीत दिसतं आणि गोळा आतून कोरडाच राहतो. अशी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावी लागते.

कुंडी बदलताना मुळांचा गोळा मोकळा करू नका. बोगनवेलीची तंतुमुळं फार नाजूक असतात. पिशवी ओढून काढू नका, ब्लेडने उभी चिरा आणि गोळा आहे तसा बसवा.

पाण्याचा ताण, आणि तो का फसतो

ताण म्हणजे बहर धरायला पाणी मुद्दाम तोडणं. ही कल्पना आपल्याकडे डाळिंबाच्या बहरातून रुजलेली आहे. पण बागेतलं डाळिंब दिवसभर उन्हात उभं असतं, काड्यांत अन्न साठवलेलं असतं. काचेआड अर्धपोटी उभ्या असलेल्या ८ इंची कुंडीतल्या वेलीकडे तसा साठा नसतो. तिला ताण दिला की ती पानं टाकते आणि पुढचा सगळा जोर नवी पानं काढण्यात घालवते. म्हणून ऊन जमलेलं असेल, काड्या १५-२० सेंमीच्या होऊन टणक झाल्या असतील आणि कुंडी मुळांनी भरलेली असेल, तरच ताण द्या.

पाणी थांबवा आणि पानं रोज सकाळी बघा. संध्याकाळची मरगळ नुसत्या उष्म्यानेही येते, ती धरू नका. सकाळी ७ वाजता पानांच्या कडा मऊ पडून खाली झुकलेल्या दिसल्या की ८ इंची कुंडीला ४०० ते ५०० मिली पाणी, एवढंच. पुन्हा तशाच झुकेपर्यंत थांबा. असं दोन-तीन आठवडे. खालची पानं पिवळी पडायला लागली म्हणजे ताण जास्त झाला. त्या दिवशी पूर्ण पाणी द्या आणि पुढच्या खेपेला एक दिवस आधी द्या.

बेचक्यांत रंगीत टाचण्या दिसल्या की ताण संपला. बहुतेक जण इथेच चुकतात: ताणाने फुलं आली म्हणून ताण चालूच ठेवतात आणि कळ्या वाळतात. आता माती वरून एक इंच सुकली की साधारण लिटरभर पाणी, खालच्या भोकातून वाहीपर्यंत, आणि बशीत साचलेलं ओतून टाकायचं. पावसाळ्यात काचेआडची कुंडी आठवडाभरही ओली राहू शकते, तेव्हा वाराचं वेळापत्रक करू नका. कुंडी उचलून वजनावरून ठरवा.

खत

मोहरीच्या पेंडेचं पाणी, सरकी पेंड, ताजं शेणखत यांतून नत्र मिळतं आणि बंद गॅलरीत वासही. काटे लांब होत असतील तर हे सगळं बंद करा. केळीच्या सालीच्या पाण्याने काही होत नाही, चिलटं मात्र येतात. द्राक्षवाल्यांकडे मिळणारी विद्राव्य खतं इथे सोयीची (नावातले आकडे म्हणजे ओळीने नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के). छाटणीनंतर फुटवे वाढेपर्यंत १९:१९:१९, लिटरला १ ग्रॅम, दर १० दिवसांनी अर्धा लिटर. ताण सुरू करण्याच्या आधीच्या पाण्यातून एकदा ००:५२:३४, तेही लिटरला १ ग्रॅम. ताणात खत अजिबात नाही, कोरड्या मातीत ते मुळं जाळतं. टाचण्या दिसल्यावर १३:००:४५ त्याच मात्रेत, रंग भरेपर्यंत दोन-तीन वेळा.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. काचेआड त्याचं मूळ बहुधा सतत ओली माती किंवा बोअरचं जड पाणी असतं, आणि कुंडीच्या काठावरचा पांढरा थर त्याची साक्ष देतो. आधी कुंडीच्या दुप्पट आकारमानाचं गोडं पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढा, मग चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम. जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी असतील तर मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला १ ते २ ग्रॅम.

रंग भरला आणि आठवड्यात गळला

रंगीत दिसतात ती सहपत्रं. खरं फूल म्हणजे मधली बारीक पांढरी नळी. नळी सुकून पडणं स्वाभाविक आहे, त्यानंतरही रंग काही आठवडे टिकायला हवा. फिकी, कागदी झालेली सहपत्रं पडली तर तक्रार नको. गडद असताना पडली तर तीन गोष्टी तपासा. कुंडी उन्हातून एकदम कमी उजेडात आली का? बहर असताना एकदा तरी पूर्ण कोरडी पडली का? आणि आसपास पिकलेली फळं, गॅसची शेगडी किंवा उदबत्ती आहे का? पिकणाऱ्या फळांतून आणि धुरातून निघणाऱ्या इथिलीन वायूने बोगनवेलीची सहपत्रं झपाट्याने गळतात. आंब्याची पेटी गॅलरीत पिकायला ठेवणं म्हणजे बहराला निरोप. परदेशात विक्रीला पाठवण्याआधी रोपांवर एनएए हे संजीवक फवारून ही गळ रोखतात, घरी त्याची गरज नाही.

कीड

पाऊस लागत नाही, म्हणून काचेआड पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी हटत नाहीत. फरशी चिकट लागली तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असं समजा. ढेकूण स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपा, मुंग्यांची वाट तोडा, आणि लिटरला ५ मिली कडुलिंबाचं तेल, १-२ मिली पातळ साबण घालून पानांच्या खालून आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारा, ऊन उतरल्यावर. कोळ्याला एप्रिल-मेमध्ये पानांच्या मागून पाण्याचा जोराचा फवारा पुरतो. पानाच्या कडेला कातरल्यासारखे गोल तुकडे गेले असतील तर ती पानं कापणारी मधमाशी. काही करू नका.

थंड देशात असाल तर

लंडन किंवा टोरांटोकडे काचेच्या खोलीत डिसेंबरमध्ये सगळी पानं गेली तर घाबरू नका. ऊनच नसतं, वेल झोपते. तापमान १० अंशांच्या आसपास ठेवा, पाणी तीन आठवड्यांतून एकदा घोटभर, खत नाही. फेब्रुवारीअखेर छाटा आणि फुटवे दिसले की पाणी वाढवा. हीटरजवळ उबेत ठेवलेली वेल अंधारात लांब, पांढुरक्या काड्या काढते आणि उन्हाळाभर फुलत नाही.

ऊन मिळतच नसेल

मोजलेले लक्स १०,००० च्या आतच राहत असतील तर दोन कुंड्या ठेवा. एक सोसायटीच्या गच्चीवर उन्हात, वरच्या क्रमाने बहरावर आणलेली. निम्म्या सहपत्रांत रंग भरला की तिला खाली आणा, पण आधी आठ-दहा दिवस गच्चीवरच अर्ध्या सावलीत ठेवून. गॅलरीत काचेलगत ती तीन-चार आठवडे रंग धरते. तोवर दुसरी वर गेलेली असते.